'जोयिता'चे गूढ: चाच्यांपेक्षा गंजलेली नळी अधिक संभाव्य
1955 साली बेपत्ता झालेल्या 'जोयिता' या बोटीवरील 25 जणांना चाच्यांनी पळवले असावे, हा तर्क मला पटत नाही. भाड्याने चालवली जाणारी ही बोट 3 ऑक्टोबरला प्रशांत महासागरातील सामोआच्या आपिया बंदरातून टोकेलाऊ बेटांकडे निघाली तीच मुळी एका इंजिनावर, आणि 10 नोव्हेंबरला फिजीच्या उत्तरेस कललेल्या, निर्मनुष्य अवस्थेत सापडली. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची नळी गंजून फुटली होती व तेथून बोटीत पाणी शिरत होते. शिवाय रेडिओ आपत्कालीन वारंवारितेवर लावलेला असूनही अँटेनाची तार तुटलेली असल्यामुळे मदतीची हाक जेमतेम दोन मैल पोहोचली असती. अशा वेळी घाबरून तराफ्यांवर उतरणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. खरा प्रश्न निराळा आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाच्या (कॉर्कच्या) अस्तरामुळे ही बोट सहजासहजी बुडणारी नव्हती, आणि कप्तानाला ते ठाऊक असणारच. मग त्याने ती सोडू कशी दिली? बोटीवर रक्ताळलेल्या पट्ट्या सापडल्या होत्या, त्यावरून तो जखमी असावा आणि निर्णय इतरांनी घेतला असावा, हा कयास मला अधिक सयुक्तिक वाटतो. बोटीवरचा माल नाहीसा झाला म्हणून चाच्यांवर संशय घ्याल, तर महिनाभर बेवारस तरंगणारी बोट कोणीही लुटू शकते.