‘शाश्वत’, ‘बांधिलकी’, ‘उत्तरदायित्व’ : व्यवस्थापनाच्या वर्गात कोणता शब्द वापरावा?

प्रश्न :

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात मी व्यवस्थापन शिकवते. पहिल्या वर्षाची बरीच मुले मराठी माध्यमातून येतात, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत टिपणे काढते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2007 मध्ये जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची सहा तत्त्वे मांडली गेली. त्यांतले दुसरे तत्त्व सामाजिक जबाबदारीची मूल्ये अभ्यासक्रमात आणण्याविषयी होते. तिथेच मी अडले. सस्टेनेबिलिटीला ‘शाश्वतता’ म्हणावे की ‘टिकाऊपणा’? सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीसाठी, तर ‘बांधिलकी’, ‘दायित्व’ आणि ‘उत्तरदायित्व’ असे तिन्ही शब्द वाचनात येतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग शासकीय कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे, की तो बदलण्याच्या भरीस पडू नये. मात्र त्यात एक अडचण आहे. आपल्याकडे ‘शाश्वत’ म्हणजे कधीही नाश न पावणारे, नश्वराच्या विरुद्ध असलेले. आणि मूळ कल्पनेत तर अमरत्व नसून मर्यादा आहे. सॅक्सनीच्या खाण खात्यातले अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्ये ती जंगलाच्या संदर्भात मांडली, कारण धातू गाळण्याच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासे झाले होते. जेवढे जंगल पुन्हा वाढते तेवढेच तोडावे, असा तो विचार. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवाव्यात, ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची 1987 मधली व्याख्या त्याच वाटेने आली आहे. हा मर्यादेचा अर्थ ‘शाश्वत’ या शब्दातून आपोआप ऐकू येत नाही, त्यामुळे विद्यार्थी ‘शाश्वत नफा’ असे निःशंकपणे लिहितो आणि विषय समजला असे त्याला वाटते. ‘टिकाऊ’ हा तर चपलेचा, कापडाचा, रंगाचा गुण. तो इथे नको.

तेव्हा शब्द ‘शाश्वत’च ठेवावा, पण पहिल्याच तासाला वर्ग मिरकरवाड्याच्या बंदरावर न्यावा. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचे माप, बारीक असला, की विक्रीजोग्या मासळीबरोबर बोटाएवढी पिल्लेही वर येतात आणि भुकटीसाठी कवडीमोलाने जातात. त्या दिवसाचा हिशेब नफ्याचा दिसतो, पण पुढच्या हंगामाचे मुद्दल त्यातच खर्ची पडलेले असते. वाणिज्याच्या मुलाला मुद्दल आणि व्याज यांतला फरक पक्का ठाऊक असतो. त्याला ‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ तिथून शिकवावा.

दुसऱ्या शब्दाबद्दल माझे मत अधिक ठाम आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार निव्वळ मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एखादा निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेला खर्च त्यात धरला जात नाही. म्हणजे हे कलम नफ्याच्या विनियोगाविषयी बोलते, तो नफा कसा मिळवला याविषयी नाही. या खर्चाला ‘सामाजिक दायित्व’ म्हणणे रास्त आहे. ‘बांधिलकी’ आपण होऊन मानायची असते. ‘उत्तरदायित्व’ मात्र तेव्हाच संभवते, जेव्हा समोर जाब विचारण्याचा हक्क असलेला माणूस असतो. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. अशा ठिकाणी एखाद्या कारखान्याने गावच्या शाळेला बाके दिली, तर बांधिलकी दिसेल, दायित्वाची रक्कमही भरली जाईल. खाडीतली मासळी का मेली, या प्रश्नाचे उत्तर देणे मात्र शिल्लकच राहील. वर्गात जे मूल्य शिकवायचे, ते हेच आहे आणि त्याचे नाव ‘उत्तरदायित्व’.

पुरवणी प्रश्न :

आभारी आहे. ‘मूल्य’ म्हटले की आमच्या मुलांना किंमत आठवते, त्याचे काय करावे? आणि मूल्ये अभ्यासक्रमात ‘समाविष्ट करणे’ म्हणावे की ‘रुजवणे’?

प्रतिसाद :

पैशाच्या अर्थी शक्य तेथे ‘किंमत’ वापरावे आणि ‘मूल्ये’ हे अनेकवचन दुसऱ्या अर्थासाठी राखावे. शाळेतले मूल्यशिक्षण मुलांच्या परिचयाचे असते, त्यामुळे फारसे जड जाणार नाही.

‘समाविष्ट करणे’ म्हणजे शेवटच्या सत्रात आणखी एक पेपर जोडणे. ते अनेक ठिकाणी होते आणि मुले तो पेपर पाठ करून मोकळी होतात. ‘रुजवणे’ म्हणायचे असेल, तर ते मूळ विषयांत दिसले पाहिजे. परिव्यय लेखांकनाच्या, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशेबाच्या, तासाला आंबा कॅनिंगच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. साली आणि बाठे वहाळाच्या कडेला टाकले, तर कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या रकान्यात खर्च शून्य दिसतो, कारण कुजलेल्या ढिगाची दुर्गंधी आणि विहिरीचे बिघडलेले पाणी वाडीतल्या लोकांच्या वाट्याला जाते. ती रक्कम कोणी भरली आणि ती कोणत्या रकान्यात लिहायची, हे मुलांना त्याच तासाला, त्याच गणितात विचारावे. त्यासाठी विद्यापीठाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. उदाहरणात एक ओळ वाढवावी लागते आणि उत्तरपत्रिका तपासताना त्या ओळीला गुण ठेवावे लागतात.