काटेरी मुकुटाचे नाणे : हा राजा की सूर्यदेव?

तेरणाकाठ :
नमस्कार. आमचे आजोबा अंबाजोगाईस शिक्षक होते आणि त्यांना जुनी नाणी जमवण्याची आवड होती. त्यांच्या संग्रहात सुमारे साडेबारा ग्रॅमचे, हिरवट थर चढलेले एक नाणे आहे. त्यावर टोकदार किरणांचा मुकुट घातलेले मस्तक असून मागे ‘एस’ आणि ‘सी’ ही रोमन अक्षरे ठळक दिसतात. हा देव असावा की सम्राट?

जुनी टांकसाळ :
मस्तक सम्राटाचे, पण मुकुट सूर्यदेवाचा आहे. रोमन सम्राट नीरोच्या काळापासून ‘डुपोंडियस’ या नाण्यावर असा मुकुट दिसू लागला. वजनाने जवळच्या ‘अस’ या तांब्याच्या नाण्यावर मात्र सहसा पानांचा मुकुट असे. दोन असांचा एक डुपोंडियस होई, त्यामुळे हातात घेताच मुकुटावरून किंमत ओळखता येई. डुपोंडियस तांबे व जस्त मिसळून, म्हणजे पितळेचा केलेला असे. ‘एस’ आणि ‘सी’ म्हणजे ‘सिनेटच्या (रोमच्या शासनसभेच्या) ठरावाने’. आपल्याकडे समया चिंचेने घासतात तसे हे नाणे कृपया घासू नये, कारण थरासोबत अक्षरेही जातात.

गोदावरीचा प्रवासी :
वरील उत्तरास एक पुस्ती जोडतो. सम्राट टायबेरियसने (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) त्याच्या आधीच्या दिवंगत सम्राट ऑगस्टसला देवत्व मिळाल्यावर त्याचे किरणमुकुट घातलेले मस्तक ‘अस’वरही पाडले, म्हणून केवळ मुकुटावर निर्णय देऊ नये. मस्तकाभोवतीची अक्षरे वाचूनच खात्री होईल.

मला स्वतःला सर्वांत भावते ते या मस्तकाचे आपल्या भागातील पुढचे आयुष्य. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, येथून माल गाड्यांनी भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके सापडली आहेत. ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असावेत, असे मला वाटते. ज्या चेहऱ्याने रोममध्ये सत्ता मिरवली, तो येथे कुणाचा तरी दागिना झाला.

तेरणाकाठ :
दोघांचे मनःपूर्वक आभार. भिंगाखाली मस्तकाच्या डावीकडे ‘एन’, ‘ई’, ‘आर’ ही अक्षरे वाचता आली. उद्या उजेडात स्पष्ट छायाचित्र काढून येथे देतो.