मूड बदलण्यासाठी स्वतःची खूण बसवायची कशी?

सांजवात

राज्यसेवेच्या अभ्यासाला बसल्यावर पहिला पाऊण तास चाळवाचाळवीत जातो. सराव-मुलाखतीच्या आधी छाती धडधडते. रात्री दिवा मालवला की डोक्यात पुन्हा अभ्यासक्रम फिरायला लागतो. या तिन्ही वेळी मनाची अवस्था मुद्दाम पालटता यावी म्हणून वास, गाणं किंवा हाताची एखादी कृती अशी ठरलेली खूण वापरतात, असं वाचलं. तीन प्रयोग केले, तिन्ही फसले.

बसण्याआधी एक आवडतं गाणं: आठवडाभर हुरूप आला, मग काही होईना.
टेबलाजवळ चंदनाची उदबत्ती: पहिल्या दिवसापासून काहीच फरक नाही.
अंगठा आणि तर्जनी दाबून ‘मी शांत आहे’ म्हणणं, एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे: मुलाखतीच्या दाराशी दाबलं, तर धडधड उलट वाढली.

किती दिवस, किती वेळा, कधी, आणि बिघडतं कशाने, असं नेमकं कुणी सांगू शकेल का?

कोरा कागद

तिन्ही प्रयोग फसले ते तीन वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून एकेक बघू. मुळात खुणेत स्वतःचा असा काही गुण नसतो. तिच्या पाठोपाठ जे येतं, तेच ती शिकते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची ती घंटेनंतर खाणं येत होतं म्हणून.

आता तुमचं गाणं. ते संपल्यावर हातात काय होतं? फोन. म्हणजे गाण्यामागून रोज आली ती चाळवाचाळव, आणि गाणं तीच शिकलं. सुरुवातीचा हुरूप हा गाण्याच्या नवेपणाचा होता, तो आठ दिवसांत ओसरणारच.

चंदनाची उदबत्ती देवघरात लहानपणापासून जळत आली आहे. ज्या गोष्टीचा अनुभव काहीही विशेष न घडता शेकडो वेळा येऊन गेलाय, तिला नवा अर्थ चिकटायला फार वेळ लागतो. लुबो आणि मूर या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये शेळ्या-मेंढ्यांवर हे दाखवलं होतं. तेव्हा खूण निवडताना ‘मला काय आवडतं’ यापेक्षा ‘माझ्या आयुष्यात आजवर काय नव्हतं’ हा प्रश्न जास्त कामाचा.

अंगठा-तर्जनीचं तर उलटंच झालं. ती कृती पहिल्यांदा केली धडधडीच्या वेळी, पुन्हा केली तीही धडधडीच्या वेळी. आता ती धडधडीची खूण झाली आहे. ती सोडून द्या, दुरुस्त करत बसू नका. दूध कोमट नसेल तर विरजण घालून दही लागत नाही. आधी अवस्था हवी, मग खूण.

अभ्यासाच्या खुणेसाठी वास घ्या. वासाचा मार्ग मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांकडे इतर संवेदनांपेक्षा सरळ जातो, आणि वास हवा तेव्हा डबीत बंद करता येतो. वाळ्याचं अत्तर किंवा गवती चहाचं तेल, यांतलं जे घरात कधीच वापरलेलं नाही ते निवडा. दोन-तीन मिलीलिटरची बाटली कित्येक महिने पुरते. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत. तेल थेट कातडीवर लावू नका, गवती चहाचं तर नक्कीच नाही, आग होते.

क्रम असा. फोन दुसऱ्या खोलीत किंवा दप्तरात. पुस्तक उघडं, पेन हातात. डबी उघडून दोन-तीन श्वास, झाकण बंद. लगेच, म्हणजे पाच सेकंदांच्या आत, असं काम हातात घ्या ज्यात तुम्ही हमखास गुंतता: जमणारी पाच गणितं, आवडत्या विषयाचे दहा वस्तुनिष्ठ प्रश्न. कंटाळवाणा विषय पहिल्या दोन आठवड्यांत या खुणेनंतर ठेवायचाच नाही. दिवसातून एकदा, रोज, चौदा दिवस. डबी उघडी ठेवून अभ्यास करू नका. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग तो वास नुसता खोलीचा वास होऊन बसतो.

पंधराव्या दिवशी नेहमीच्याच, बऱ्या दिवशी नावडता विषय घेऊन बघा. अगदी वाईट दिवस पहिल्या चाचणीला नको. पुढेही हिशेब सांभाळा: अवघड वेळी एकदा वापरली, तर सोप्या वेळी तीन-चारदा वापरून भर घाला. नुसती खूण येत राहिली आणि मागून गुंतणं आलं नाही, तर ती विझत जाते. पण पुरती पुसली जात नाही. काही काळ विश्रांती दिली की विझलेली प्रतिक्रिया आपोआप थोडी परतते, हेही पावलोव्हनेच नोंदवलं आहे. म्हणून खूण बोथट झाली तर नवी शोधू नका. दहा-पंधरा दिवस डबी बंद ठेवा आणि पुन्हा सोप्या कामांसोबत चार-पाच दिवस वापरा.

आणि हो, दुपारच्या जेवणानंतरची पेंग किंवा पाच तासांची अपुरी झोप खुणेने जात नाही. तिथे वापरलीत तर खूणच खराब होईल.

विंगेतून

मुलाखतीबद्दल. रंगमंचावर याचा विचार फार जुना आहे. नाट्यशास्त्रात घाम, रोमांच, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव वेगळे काढले आहेत, कारण ते हातापायांच्या हालचालींसारखे हुकमाने करता येत नाहीत, त्यांना मन लागावं लागतं. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने सुरुवातीला नटाला स्वतःची जुनी भावना आठवायला लावली. शेवटच्या वर्षांत त्याचा भर शारीरिक कृतींवर गेला. कारण व्यवहाराचं आहे. आठवण रोज उगाळली की झिजते, पण ग्लास उचलणं, दाराकडे तीन पावलं टाकणं हे रोज करता येतं. तेव्हा खूण म्हणून भावना निवडू नका, कृती निवडा.

दुसरं, ‘मी शांत आहे’ हे वाक्य टाका. छाती धडधडत असताना ते खोटं आहे आणि शरीराला ते कळतं. धडधडीतून थेट शांततेत जाणं ही फार लांबची उडी. धडधडीतून उत्साहात जाणं जवळचं, कारण शरीराची अवस्था दोन्हीकडे जवळपास सारखीच. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींआधी धडधडीला उत्साह म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. मराठीत ‘चला, आता बोलायला मिळणार’ हे तोंडात बसतं. मोठ्याने म्हणता आलं तर उत्तम, नाहीतर ओठ हलवून.

खुणेचा क्रम साधारण दीड मिनिटाचा ठेवा. खुर्चीवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा आणि बुटातली बोटं एकदा आवळून सोडा. नाकाने श्वास, त्यावर आणखी छोटा श्वास, मग तोंडाने लांब, सावकाश उच्छ्वास, असं तीनदा. उच्छ्वासात हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बाहेर जाणारा श्वास लांब हवा. आत जोरजोरात श्वास भरत राहिलात तर चक्कर येईल. मग ते वाक्य. शेवटी मुलाखतीचं पहिलं उत्तर, म्हणजे स्वतःची ओळख, तिचे पहिले सहा-सात शब्द खालच्या पट्टीत एकदा.

यातला श्वास मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. स्टॅनफर्डमधल्या २०२३ च्या अभ्यासात लोकांनी हाच श्वास रोज पाच मिनिटं महिनाभर केला होता. तुम्हीही रोज रात्री जेवणाआधी करा. पूर्ण क्रम मात्र सराव-मुलाखतींसाठी राखा, आणि तिथेही आधी सोप्या: मित्रासमोर, मग ओळखीच्या शिक्षकांसमोर, मग अनोळखी मंडळापुढे. घरात गादीवर बसून बसवलेली खूण बाहेरच्या बाकावर चालत नाही, कारण जागाही खुणेचा भाग होते. त्याच कपड्यांत, त्याच बुटांत, जिन्यात किंवा व्हरांड्यात सराव करा. तिसरी घंटा ऐकून नट सावरतो ते याचमुळे: ती तालमीत नाही, प्रत्येक प्रयोगाला त्याच जागी, त्याच वेळी होते आणि तिच्यामागून पडदा उघडतोच.

आरशासमोर मुद्दाम हसणं, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहणं, यांवर विसंबू नका. दातांत पेन धरून हसण्याचा १९८८ चा प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला, परिणाम सापडला नाही. ऐटीच्या पवित्र्यावरच्या २०१० च्या अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ मध्ये त्याच्या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं.

सांजवात

दोघांचेही आभार. गाण्यामागे फोन येत होता हे अगदी खरं. मग गाणं पूर्ण सोडायचं का? आणि रात्रीचं काय?

मंद्रसप्तक

गाणं सोडू नका, त्याचं काम बदला. अभ्यास सुरू करून द्यायला गाणं बरं नाही, शब्द डोक्यात घोळत राहतात. दिवसभराच्या शिणातून बाहेर यायला मात्र त्याच्यासारखं काही नाही.

संगीतोपचारात एक जुनं तत्त्व आहे: आधी श्रोता जिथे आहे तिथलं संगीत, मग हळूहळू जिथे जायचं तिथलं. उदास माणसाला थेट ढोलकीची लावणी ऐकवली तर त्याची चिडचिड होते, संगीत त्याला परकं वाटतं. चार तुकडे निवडा, एकूण पंधरा ते वीस मिनिटं. पहिला आत्ताच्या मनाच्या गतीचा, म्हणजे डोकं भणभणत असेल तर द्रुत लयीचा. दुसरा थोडा संथ, तिसऱ्यात वाद्यं कमी, चौथा जवळजवळ रिकामा, नुसते आलाप चालतील. क्रम कायम तोच. शफल बंद. यातला एकही तुकडा रिंगटोन, गजर किंवा प्रवासातलं गाणं म्हणून वापरायचा नाही. गजराला लावलेलं आवडतं गाणं महिन्याभरात नकोसं होतं, ते याच कारणाने: त्याच्यामागून झोपमोड येते.

चौथ्याच्या जागी तानपुराही चालतो. ॲपमध्ये पट्टी स्वतःच्या गळ्याची ठेवा: पुरुषांना बहुधा पेटीवरच्या काळी एकच्या आसपास, बायकांना काळी चार-पाचच्या. आवाज इतका कमी की शेजारच्या खोलीत जाऊ नये. षड्जात, म्हणजे ‘सा’ लावून, गुणगुणलात तर उच्छ्वास आपोआप लांबतो, वेगळं मोजावं लागत नाही. हे संपलं की जेवण किंवा गप्पा. पुस्तक पुन्हा उघडलंत तर मालिका वाया गेली.

अंथरूण पाहून

रात्रीसाठी अंथरूण हीच खूण, आणि बहुतेकांची ती बिघडलेली असते. खाटेवर वाचन, खाटेवर मोबाइल, खाटेवर काळजी; मग अंथरूण जागरण शिकतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आजही निद्रानाशावरच्या उपचारात वापरतात. झोप डोळ्यांवर आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंथरुणात झोपेशिवाय काही करायचं नाही. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही (घड्याळ बघू नका, अंदाजाने), तर उठून दुसरीकडे बसायचं, मंद उजेडात काहीतरी बिनमहत्त्वाचं करायचं, पेंग आली की परत. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रात्र कशीही गेली तरी. पहिले काही दिवस झोप कमी होते आणि लोक तिथेच सोडून देतात. या दिवसांत गाडी चालवताना जपा.

एकाच खोलीत राहणाऱ्यांची अडचण मोठी, पण उपाय आपल्या घरांत होताच: गादी दिवसा गुंडाळून ठेवायची आणि रात्रीच अंथरायची. चादर झटकणं, उशी ठेवणं ही दोन मिनिटांची कृती सुंदर खूण होते. कॉटच वापरावी लागत असेल तर दिवसा तिच्यावर सतरंजी टाका, पायथ्याकडे भिंतीला टेकून बसा, उशी कपाटात. रात्री सतरंजी काढली म्हणजे दिवस संपला. डोक्यात फिरणारा अभ्यासक्रम झोपेच्या तासभर आधी कागदावर उतरवून काढा, उद्याची पहिली तीन कामं लिहा आणि कागद खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

कोरा कागद

एक राहिलं होतं. अत्तराची डबी कायम खिशात बाळगू नका. घाबरण्याचा त्रास असणाऱ्यांत असं घडतं की डबी आधार होते, आणि ती घरी विसरली हीच नवी भीती होते. म्हणून अभ्यासाची खूण टेबलाच्या खणात राहू द्या. मुलाखतीची खूण विंगेतून यांनी सांगितलेली, तिला काही बाळगावं लागत नाही.

आणि दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, भूक-झोप बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ती वेळ खुणा बसवण्याची नाही, डॉक्टरांना भेटण्याची आहे. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो. स्पर्धा परीक्षेच्या वातावरणात ही गोष्ट फार उशिरा बोलली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सांजवात

वाळ्याचं अत्तर आणते. फक्त खोलीतल्या मैत्रिणीला उग्र वासाने डोकं दुखतं.

कोरा कागद

मग अत्तर नको. वाळ्याच्या सुक्या मुळ्यांची छोटी जुडी घ्या, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. बोटभर लांबीचे तुकडे करून स्टीलच्या डबीत ठेवा. वापरण्याआधी दोन थेंब पाणी शिंपडा, वास उघड्या नाकाला फूटभर अंतरापर्यंतच जाणवतो. वापर झाला की झाकण उघडं ठेवून दिवसभर सुकू द्या, नाहीतर बुरशी येते. सुकल्यावर वास जवळजवळ राहत नाही, तेव्हा मैत्रिणीला त्रास नाही. डबी मात्र सुकताना तुमच्या टेबलापासून लांब, खिडकीत.