वाळूजला ५ वर्षं क्वालिटीत आहे, ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली, आता पुढं काय करावं?

औसेकर_वाळूज

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, जमलं तर पूर्ण वाचा.

मी मूळचा औसा तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा, वय २८. २०२० च्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या) इनलाइन इन्स्पेक्टर, म्हणजे लाईनवरच पार्ट तपासणारा, म्हणून लागलो ते आजपर्यंत तिथंच. ठेकेदाराच्या रोलवर. मधे दोनदा ठेकेदार बदलला, गेटपास नवा, बाकी मशीन तेच काम तेच. आम्ही ब्रेक आन सस्पेन्शनचे मशीनिंगचे पार्ट करतो, निम्मा माल एक्सपोर्टचा, २०२५ ला अमेरिकेनं टॅरिफ लावलं तेव्हापासून शेड्यूल खाली आलं ते अजून वर गेलं नाही. आधी ओटी धरून हातात २२-२३ हजार यायचे, आता ओटी बंद, साडेसतरा येतात, त्यात इथल्या वाळूजजवळच्या रांजणगावची खोली, मेस, गाडीचा हप्ता, घरी पाठवायला काही उरंना गेलंय. तिसरी शिफ्ट बंद केली आन पोरं कमी करायलेत, माझा नंबर कधी लागंल सांगता येत नाही.

घरी चार एकर सोयाबीन, २०२५ च्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गेलं त्यातलं बरंच, जे हाती लागलं ते भिजलेलं, ५३२८ हमीभाव कागदावरच राहिला. वडील म्हणायलेत परत ये, तलाठीचा अभ्यास कर. मित्र म्हणतोय चाकणला ये. लग्नाचं बघायलेत तर समोरून पहिला प्रश्न, पर्मनंट आहे का. मला काम येतं हो, मनापासून करतो, पण पाच ठिकाणी बायोडाटा टाकला, एकाचाबी फोन नाही. राजीनामा देऊन पूर्णवेळ शोधावं का, कोर्स करावा का, का गावी जावं? रात्री झोप येत नाही.

गेजरूमवाले_काका

भावा, सगळ्यात आधी, राजीनामा देऊ नको. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत नाही म्हणजे नाही. घरी बसलेल्या माणसाला मंदीत पहिला प्रश्न विचारतात की का सोडलं, आन त्याचं उत्तर कितीबी खरं असलं तरी समोरच्याला पटत नाही.

मी २८ वर्षं याच लाईनीत आहे, चिकलठाणा, मग वाळूज, आता शेंद्रा. २००८ च्या दिवाळीत आमच्याकडं आठवड्याला चारच दिवस काम होतं, २०१९ ला परत तसंच, मग बीएस-सिक्सच्या नव्या प्रदूषण नियमाची गडबड, मग लॉकडाऊन. प्रत्येक वेळी एक गोष्ट बघितली. मंदी सगळ्यांकडं सारखी येत नाही. तुझी कंपनी एक्सपोर्टवर आहे म्हणून तुला वाटतंय अख्खं वाळूज बसलंय. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, ज्यांचा माल देशातल्या दुचाकीला जातो त्यांची गोष्ट वेगळी आहे. तू कंपनीचं नाव बघून अर्ज करतोस, त्याऐवजी तिचा माल कुठं जातो ते बघ. गेटवर उभ्या असलेल्या गाड्यांवरून, ट्रान्सपोर्टवाल्याकडून, चहाच्या टपरीवर, अर्ध्या तासात कळतं.

दुसरं, पार्ट कोणता ते बघ. इंजिनाचे आन सायलेन्सरचे पार्ट करणाऱ्यांना इलेक्ट्रिकची धास्ती आहे. ब्रेक आन सस्पेन्शन इलेक्ट्रिक गाडीलाबी लागतात. म्हणजे तुझा हात चांगल्या जागी बसलाय, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता एक विचारतो, खरं सांग. बायोडाट्यात पाच वर्षांच्या कामाबद्दल किती ओळी आहेत?

नांदेड_टू_चाकण

चाकणबद्दल अनुभवाचं सांगतो, मी अडीच वर्षं राहिलो. पगार साडेतीन हजारानं जास्त होता आन तो सगळा खोलीत, जेवणात आन सणाला गावी जायच्या ट्रॅव्हल्समधी गेला, वर तिथंबी ठेकेदारच. चाकण वाईट नाही, तिथं कंपन्या जास्त, एक सुटली तर दुसरी मिळते, पण ठेक्यावरून ठेक्यावर जायला एवढं लांब जाऊ नको. कंपनी रोल मिळत असंल तर डोळे झाकून जा.

आन कन्सल्टन्सीला पैसे देऊ नको रे बाबा. ड्रेसचे, मेडिकलचे, गेटपासचे म्हणून माझ्याकडून चार हजार घेतले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे मागत नाही.

एचआर_जालनारोड

मी १२ वर्षं भरतीचं काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. एका इन्स्पेक्टरच्या जागेला दोन-अडीचशे बायोडाटे येतात आणि त्यातले बहुतेक अगदी सारखे असतात, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायची आवड, खाली जन्मतारीख आणि सही. मी प्रत्येकाला अर्धा मिनिटसुद्धा देऊ शकत नाही, हे कबूल करायला वाईट वाटतं पण तसंच आहे. त्यातून उचलला जातो तो कागद ज्याच्यावर आकडा असतो. आणि त्याच्याही आधी उचललं जातं ते नाव, जे आमच्याच कंपनीतला कुणी येऊन सांगतो की मॅडम, या पोराचं काम मी बघितलंय. वशिला वेगळा आणि हे वेगळं. तुमच्या कंपनीत ऑडिटला येणारे कस्टमरचे इंजिनिअर, कॅलिब्रेशनवाले, आधी सोडून गेलेले तुमचे शिफ्ट इनचार्ज, ही सगळी माणसं तुम्हाला काम करताना बघून गेलीत. त्यांना फोन करा. नोकरी द्या असं म्हणू नका, तुमच्याकडं क्वालिटीत जागा निघाली तर कळवा एवढंच म्हणा. लाज वाटायचं काहीच कारण नाही.

बिडकीनला येणाऱ्या नव्या कारखान्यांबद्दल लोक रोज विचारतात म्हणून लिहिते. टोयोटाचा करार जुलै २०२४ ला झाला, २० हजार कोटींचा, ऑरिकमध्ये (शेंद्रा-बिडकीनचं औद्योगिक शहर) इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरनेही प्लांट जाहीर केलाय, हे सगळं खरं आहे आणि आपल्या भागासाठी फार मोठं आहे. पण करार होणं आणि गेटवर भरतीचा बोर्ड लागणं यात काही वर्षं जातात. त्या भरवशावर हप्ते भरू नका, मात्र तोपर्यंत स्वतःला तयार ठेवा, कारण असे प्लांट उभे राहतात तेव्हा त्यांच्या व्हेंडरांना आधी माणसं लागतात.

आणि पीएफ. ठेकेदार दोनदा बदललाय म्हणता, तर आज संध्याकाळी उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि तिन्ही ठेकेदारांनी एकाच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) पैसे भरलेत का बघा. नसतील तर ट्रान्सफर टाका. नोकरी बदलताना पीएफ काढून गाडीचा हप्ता फेडायचा मोह होतो, कृपा करून तसं करू नका. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, तुमची ५ झाली आहेत, पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती ५ पुसली जातात.

परळीची_मी

तलाठीबद्दल मी बोलते कारण माझ्या भावानं चार वर्षं औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकेत काढली. २०२३ च्या भरतीत ४६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर. हुशार होता, आजही आहे, पण चार वर्षांचा गॅप घेऊन आता कंपनीत जायचं म्हणतो तर फ्रेशरचा पगार सांगतात. परीक्षा देऊच नये असं नाही, वयोमर्यादा ३८ आहे, तुमच्याकडं वेळ आहे. फक्त नोकरी चालू ठेवून द्या. वडिलांना हे समजावणं अवघड आहे मला माहितीय, आमच्या घरी अजून त्यावरून बोलणं होत नाही.

औसेकर_वाळूज

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. ताई तुमच्या भावाचं वाचून गलबलून आलं.

काका, तुम्ही विचारलं ते बघितलं. पाच वर्षांची एकच ओळ आहे, इनलाइन इन्स्पेक्शनचा अनुभव. पण दुसरं काय लिहू? मी काय प्लांट हेड नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, रात्रपाळी चालू होती तेव्हा सीएमएम (पार्टची बारीक मापं घेणारं मशीन) बी चालवायचो, कारण सीएमएमवाला जनरल शिफ्टलाच येतो. कस्टमर कम्प्लेंट आली की ८डी ची (मूळ कारण आन उपाय लिहायचा रिपोर्ट) माहिती मीच गोळा करतो, सही साहेबाची असते.

गेजरूमवाले_काका

अरे मग हेच तर! सीएमएम चालवतोस आन बायोडाट्यात लिहिलं नाहीस. ८डी करतोस आन लिहिलं नाहीस. तुझं काम तुझ्या हातात आहे, कागदावर नाही, आन फोन कागद बघून येतो.

सही साहेबाची असू दे. तू काय केलंस ते तुझं. मला सांग, गेल्या दोन वर्षांतली एखादी कम्प्लेंट आठवते का जी परत आली नाही? काय दोष होता, बोअर ओव्हरसाईज, बर, पोरोसिटी? मूळ कारण काय निघालं, टूल झिजलं होतं का क्लॅम्पिंग ढिलं होतं? त्यावर काय बदल केला? आधी महिन्याला किती पीस रिजेक्ट व्हायचे, नंतर किती? हे चार प्रश्न आन त्याची उत्तरं साध्या भाषेत लिही. अशा तीन गोष्टी लिहिल्यास तर तुझा बायोडाटा त्या मॅडमच्या अडीचशे कागदात वेगळा पडंल आन इंटरव्ह्यूत तुला बोलायला विषय राहील. पोरं इंटरव्ह्यूत अडखळतात ती येत नाही म्हणून नाही, आपण केलेलं कधी सांगितलेलंच नसतं म्हणून.

एक जपून. कंपनीचं ड्रॉइंग, कस्टमरचं नाव, रिपोर्टचा फोटो, यातलं काही बाहेर काढू नको. दोष आन सुधारणा सांगायला त्याची गरज पडत नाही.

आन ओटी बंद झाली म्हणतोस तर रोजचे तीन-चार तास मोकळे झालेत, ते मोबाईलमधी घालवू नको. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं जाऊन शॉर्ट कोर्सची चौकशी कर, पण आधी कंपनीतच फुकट शिकायला मिळतं ते शीक. साहेबाला म्हण, मला गेज आर-अँड-आर करू द्या, म्हणजे गेज भरवशाचं मोजतंय का त्याची चाचणी. तीन ऑपरेटर, दहा पीस, प्रत्येकी तीनदा मोजायचं, मोजण्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत आला तर गेज बरोबर, तीसच्या वर गेला तर त्या गेजवर विश्वास ठेवायचा नाही. दोन दिवसांचं काम आहे, मंदीत मशीन रिकामं असतं आन साहेबालाबी ऑडिटला कागद लागतोच, नाही म्हणणार नाही. पीपीएपीची (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची) फाईल लागते तेव्हा शेजारी बस. इन्स्पेक्टरचा क्वालिटी इंजिनिअर होतो तो याच कामानं, मी तसाच झालो, आयटीआयवर लागलो होतो.

एचआर_जालनारोड

काकांशी पूर्ण सहमत. एक जोडते, पगार विचारला की ओटी धरून सांगू नका, बेसिक किती, हातात किती, वेगवेगळं सांगा. आणि नोटीस पिरियड ठेकेदाराकडून आधीच विचारून ठेवा, तिथं बऱ्याच जणांचं गाडं अडतं.

औसेकर_वाळूज

चार दिवसांनी लिहायलोय. उमंगवर बघितलं, पहिल्या ठेकेदाराचे ११ महिने दुसऱ्याच यूएएनवर निघाले, ट्रान्सफरची चौकशी सुरू केलीय. जुन्या शिफ्ट इनचार्जला भीतभीत फोन केला, ते आता शेंद्र्याला आहेत, ओळखलं त्यांनी, म्हणाले तूच का तो रात्रीचा सीएमएमवाला, बायोडाटा पाठव. गेज आर-अँड-आरचं साहेबाला विचारलं, सोमवारपासून कर म्हणाले.

काका, तीन गोष्टी लिहायला बसलो. दोन लिहून झाल्या. तिसरीत रिजेक्शन कमी झालं ते माझ्यामुळं का पार्ट पकडायच्या नवीन फिक्स्चरमुळं हे मलाच नक्की सांगता येत नाही, ती लिहावी का?

गेजरूमवाले_काका

लिही, पण फिक्स्चर आलं होतं तेबी लिही. समोरचा क्वालिटीवाला असंल तर त्याला तेच आवडंल. आन ट्रान्सफरसाठी दोन्हीकडं नाव आन जन्मतारीख आधारशी जुळते का ते आधी बघ, एका अक्षराच्या फरकानं अडकतं.