निकी हॉपकिन्सचा पियानो तुम्हाला कुठे भेटला?

मंडळी, इंग्लिश पियानोवादक निकी हॉपकिन्सला २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. तो गेला १९९४ मध्ये, अवघ्या पन्नाशीत. रोलिंग स्टोन्स, बीटल्स, द हू, किंक्स या सगळ्या बँड्सकडे तो वाजवून गेला आणि आपण नाव माहीत नसताना त्याला ऐकत राहिलो. तुम्हाला तो कुठल्या गाण्यात सापडला, ते लिहा.

माझं सांगतो. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून स्टोन्सची कॅसेट आणली होती. ‘शीज अ रेनबो’ लागलं आणि तो झुळझुळता पियानो! कॅसेटमधला कागद घडी उलगडून पाहिला. गाण्यांची नावं होती, वादकांचं एकही नाही. पुढची कित्येक वर्षं तो पियानो मी स्टोन्समधल्याच ब्रायन जोन्सच्या खात्यावर जमा करत होतो. आजही त्याची रुखरुख वाटते.

---

मी भजनाला पेटीची साथ करते. रॉकमधलं फारसं कळत नाही. मुलाने लेननचं ‘जेलस गाय’ ऐकवलं आणि मी त्याला म्हटलं, पियानोवाल्याचं नाव सांग. गाणारा श्वास घेतो तेवढ्या जागेत हा दोन-चार सूर ठेवतो आणि शब्द आला की बाजूला होतो. साथीला बसणाऱ्याला जागा सोडणं सगळ्यांत उशिरा येतं. माझी वीस वर्षं त्यात गेली.

---

बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन’, १९६८. शेवटाकडे गिटारच्या खरखरीतून उसळून येणारा इलेक्ट्रिक पियानो. बस्स.

---

मला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे, निकीलाही होता. १९६३ मध्ये सिरिल डेव्हिसच्या बँडमध्ये असतानाच तो आजारी पडला आणि दीड वर्षाहून जास्त काळ इस्पितळात होता. त्यानंतर त्याने बराचसा काळ दौऱ्यांऐवजी स्टुडिओत काढला. ‘स्टेजवर दिसला नाही, म्हणून नाव झालं नाही,’ असं लोक सहज म्हणून जातात. एसटीने पाच तासांचा प्रवास असेल तर मी आदल्या रात्रीपासून जेवत नाही. आणि हा माणूस १९६९ मध्ये जेफरसन एअरप्लेन या बँडबरोबर वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात सकाळी सकाळी वाजवायला बसला, १९७२ मध्ये स्टोन्सबरोबर अमेरिकाभर फिरला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतच तो गेला. स्टोन्सच्या ‘अँजी’तला त्याचा पियानो मला दुखण्याच्या रात्री सोबत करतो.

---

अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. निवेदक गायकांची नावं घ्यायचा, ढोलकीवाल्याला टाळ्या मिळायच्या, आम्ही ‘आणि वादकवृंद’. पाकीट घ्यायचं, घरी जायचं. स्टुडिओतल्या वादकाचंही तेच, वाजवल्याचे पैसे एकदाच. किंक्सचं १९६६ चं ‘सेशन मॅन’ हॉपकिन्सवरूनच सुचलं असं मानतात, आणि त्याच गाण्यात सुरुवातीचं हार्पसिकॉर्ड खुद्द त्याने वाजवलंय. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भरून आलं होतं.

---

परत मीच, पेटीवाली. वर वाचून ‘शीज अ रेनबो’ शोधलं. काळी पाचला षड्ज धरला की बरोबर जुळतं. डावा हात भात्यावर असल्यामुळे उजव्या हाताचंच वाजतं, पण ती सुरुवातीची लड काल रात्री दोनदा सलग आली.