ठाण्यात सावलीतल्या वाफ्यात बुटका होस्टा पसरेल का?

सावलीकोपरा, घोडबंदर रोड
नमस्कार मंडळी. सोसायटीत इमारतीच्या उत्तरेला, कुंपणाच्या भिंतीलगत १० फूट बाय ४ फुटांचा वाफा आहे. ऊन फक्त मे ते जुलै, तेही तासभर. लॉन टिकत नाही. तिथे जमीन झाकायला बुटका, पसरणारा होस्टा (रुंद पानांचं शोभेचं झाड) लावावा म्हणतोय. किती कंद लागतील? आणि थंडी कमी पडते म्हणून हिवाळ्यात ते फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का?

मातीकाम
होस्टा नको. त्याला सावली चालते, पण थंडी लागतेच. हा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. हिवाळ्यात पानं झडून कंद काही आठवडे साधारण ५ अंशांखाली राहिला, तरच पुढे जोमानं फुटतो. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही तेवढा गारवा नसतो. पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर पानं छान येतात आणि फसगत होते ती तिथेच. पुढच्या वर्षी ती लहान, विरळ येतात आणि रोप खंगत जातं.
फ्रिजचा उपाय एखाद्या कुंडीपुरता करता येईल, पण अख्खा वाफा दरवर्षी कोण उकरणार? शिवाय दमट उकाड्यात देठांच्या बुडाशी पांढरी बुरशी धरते, तिच्यावर मोहरीएवढे दाणे दिसतात आणि पान ओढलं की हातात येतं.

पानवेल, वाशी
सहमत. होस्टाची हौस कॅम्फेरिया पुल्क्रावर भागवा. आपल्या भुईचाफ्याचाच हा भाऊबंद. पानं जमिनीलगत, रुंद, मोराच्या पिसासारखी नक्षी असलेली. पावसाळ्यात जांभळी फुलं. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात होस्टाऐवजी हाच लावतात. कंद १ ते दीड इंच खोल, ८ इंचांवर एक. मेअखेर लावा, पहिल्या सरींबरोबर कोंब वर येतात.

सावलीकोपरा, घोडबंदर रोड
पण मग हिवाळ्यात वाफा उघडा पडेल ना?

पानवेल, वाशी
हो, साधारण डिसेंबरपासून पानं जातात. म्हणून वाफ्याचे दोन पट्टे करा. मागचे २ फूट कॅम्फेरिया, म्हणजे ४५ कंद. पुढचे २ फूट बुटकं मोंडो ग्रास (गवतासारख्या अरुंद पानांचं रोप). ते बारा महिने हिरवं असतं. दर ६ इंचांवर एक तुकडा धरला तर ८० लागतील. नर्सरीच्या एका पिशवीतल्या गड्ड्याचे ४-५ तुकडे निघतात, त्यामुळे १६ ते २० पिशव्या पुरतात. दोन्ही एकत्र मिसळू नका: मोंडोला हिवाळ्यातही पाणी लागतं आणि झोपलेले कंद त्याच पाण्यानं कुजतात. हिवाळ्यात मागच्या पट्ट्यावर इंचभर वाळका पाला पसरा, पाणी जवळपास बंद ठेवा.
सिंगोनियम झटपट पसरतं, पण ते भिंतीवर चढतं आणि चावल्यास तोंडाची आग होते. लहान मुलं, कुत्री असतील तर टाळा. वेडेलिया (पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं रोप) तर इतक्या सावलीत लावूच नका, नुसत्या लांब काड्या होतील.

मातीकाम
रोपांआधी माती बघा, निम्मं यश तिथे आहे. भिंतीलगत बहुतेक वेळा डेब्रिज भरलेलं असतं. ९ इंच उकरा, विटा-सिमेंटचे तुकडे काढा. मग २ भाग माती, १ भाग कुजलेलं शेणखत, १ भाग जाडी रेती. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, जुलैच्या संततधारेत ते चिंब राहतं. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४ इंच उंच, उतार भिंतीकडून बाहेर. वर एसीच्या नळ्या असतील तर त्या आधी दुसरीकडे वळवा. एकाच जागी ठिबकणाऱ्या पाण्यानं तेवढा भाग कुजतो.
गोगलगायी जूनपासूनच येतील. मीठ टाकू नका, माती नासते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचा, हातमोजे घालून. कुंपणालगत जुन्या फरश्या, ओल्या पाल्याचे ढीग असतील तर हलवा, त्यांचा दिवसाचा मुक्काम तिथेच असतो.