बाबांची हेराल्ड भंगारात देऊ का? (मिग, नॅट आणि स्पिटफायर पण आहेत यात)

धरमपेठचा_मोठा

नमस्कार मंडळी, प्रश्न गाडीचा आहे पण सुरुवात विमानापासून करावी लागेल, माझ्या डोक्यात ही दोन्ही लहानपणापासून एकत्रच बसलेली आहेत.

२६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो कार्यक्रम मी टीव्हीसमोर बसून पूर्ण पाहिला. १९६३ ला आलेलं विमान २०२५ मध्ये थांबलं. शेवटची विमानं उतरली, पाण्याचे फवारे उडाले, आणि मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथे कडुलिंबाखाली बाबांची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, १९६६ ची, दोन दारांची, १९९४ पासून हललेली नाही. दार ओढून उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, किती वेळ ते माहीत नाही, बायको शोधत आली तेव्हा उठलो.

बाबा दर रविवारी आम्हा दोघा भावांना या गाडीत घालून वर्धा रोडने नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडे न्यायचे, रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि विमानं बघायची. तेव्हा फोकर आणि अ‍ॅव्रो ही प्रवासी विमानं यायची. दोघांना इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं डार्ट, त्यामुळे नुसत्या आवाजावरून आम्ही फसायचो. बाबा म्हणायचे पंख बघा, फोकरचा वर असतो अ‍ॅव्रोचा खाली. फायटर क्वचित दिसायचं पण ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी रात्री जेवताना दुसरा विषय नसायचा. बाबांकडे नॅट, हंटर, मारुत असे पेपरमधून कापलेले फोटो होते, ते हेराल्डच्या डॅशबोर्डखालच्या खणात ठेवायचे. ते कागद अजून तिथेच आहेत, कोपरे उंदरांनी खाल्लेत.

आता घर बिल्डरला दिलंय, मार्चपर्यंत जागा रिकामी करायची आहे. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो भंगारात दे. भंगारवाला वजनावर मागतोय. मुलगा १९ चा आहे, तो म्हणतो बाबा ही तर साधी फॅमिली कार, स्पोर्ट्स कार असती तर गोष्ट वेगळी. ही गाडी परत चालू होऊ शकते का हे मला जाणकारांकडून हवंय. आणि ज्या यंत्रात आपण धड बसलोही नाही, मी तर आयुष्यात फायटरला हात लावलेला नाही, त्याच्यासाठी छातीत असं का दाटून येतं, हे तुमच्यापैकी कोणाला होतं का?

---

पाना_नंबर_तेरा

भाऊ, काहून भंगारात देऊन राहिला? थांब जरा.

आधी पोराला सांग की साधी फॅमिली कार म्हणू नको बा. ट्रायम्फने इंग्लंडमध्ये १९५९ ला हेराल्ड काढली, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. मग हिचीच चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून त्याच मिकेलोत्तीकडून त्यांनी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बनवून घेतली, १९६२ ला बाजारात आली आणि १९८० पर्यंत निघत होती. तिचं नाव स्पिटफायर. सरळ लढाऊ विमानाचं नाव. आणि ते विमान आपल्या हवाई दलानेही उडवलं आहे, १९४७ ला काश्मीरमध्ये स्पिटफायर आणि टेंपेस्ट होती. म्हणजे तुझ्या बाबांनी त्या खणात फोटो ठेवले ते बरोबर जागीच ठेवले.

त्या काळात हे दोन धंदे लांबचे नव्हतेच. जग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचा आकार ज्याने काढला तो माल्कम सेयर आधी ब्रिस्टल विमान कंपनीत होता, डिस्क ब्रेक विमानांवरून गाड्यांवर आले आणि जग्वारने ते लावून १९५३ ची ल मान्सची रेस जिंकली. इंग्लंडचा सिल्व्हरस्टोनचा रेस ट्रॅक पण युद्धातला विमानतळच, आणि आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला रेस व्हायच्या ती पण युद्धकाळातली धावपट्टी. सिमेंटची लांब सरळ पट्टी आयती मिळाली, पोरांनी गाड्या पळवल्या.

आता कामाचं. हेराल्डला वेगळी चेसिस आहे आणि बॉडी तुकड्या-तुकड्यात नटबोल्टने जोडलेली आहे, आजच्या गाडीसारखी एकसंध नाही. म्हणून पत्रा सडला तरी तेवढा भाग खोलून वेगळा करता येतो. पण चेसिस सडली असेल तर खर्च वाढतो, ती आधी पहा, खाली झोपून टॉर्च मार आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, विशेषतः मागच्या बाजूला. मागचा स्प्रिंगचा पाटा आडवा आहे, तो बसला की मागची चाकं आत झुकल्यासारखी दिसतात, घाबरू नको.

स्टार्टर अजिबात मारू नको!! एकतीस वर्षं उभी आहे, पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील. स्पार्क प्लग काढ, चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोड, चार-पाच दिवस तसंच ठेव. मग चौथ्या गिअरमध्ये टाक, मागचं एकच चाक जॅकवर उचल, दुसरं जमिनीवर राहू दे आणि खाली दगड लाव, प्लग काढलेलेच ठेव आणि उचललेलं चाक हाताने फिरव. समोरचा पंखा हलला म्हणजे इंजिन मोकळं आहे. जोर लावून लावून फिरवू नको, नाही हललं तर अजून तेल आणि अजून चार दिवस.

कागदपत्रं असतील तर सांभाळ. २०२१ पासून नियम आहे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि फार बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. रोज ऑफिसला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. मे महिन्यात तशीही नेऊ नको, आपल्या पंचेचाळीस डिग्रीत या गाड्यांचं पेट्रोल नळीतच उकळतं, जुने लोक इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळून चालवायचे.

---

निवृत्त_इंजिन_फिटर

बेटा, तुझा दुसरा प्रश्न वाचला म्हणून लिहितो. मराठीत टाइप करायला मला वेळ लागतो, चुका समजून घे.

मी १९७० ला हवाई दलात भरती झालो, ७१ च्या लढाईत मी अजून ट्रेनिंगला होतो. नंतर बरीच वर्षं नॅटवर काम केलं आणि शेवटी मेंटेनन्स कमांडमुळे नागपूरला येऊन इथलाच झालो. नॅट किती लहान होतं हे फोटोत कळत नाही. दोन हेराल्ड एकामागे एक उभ्या कर आणि त्यात जेमतेम एक मीटर घाल, झाली पूर्ण विमानाची लांबी. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटर. बरीचशी कामं जमिनीवर उभं राहूनच व्हायची. एवढ्याशा अंगात दोन ३० मिमी तोफा, हवा आत घ्यायच्या तोंडाच्या दोन बाजूंना एकेक. हवेत वेग कमी करायला वेगळे एअरब्रेक द्यायला जागा नव्हती तर चाकंच अर्धी खाली सोडून ब्रेकचं काम करून घेतलं, काय डोकं असेल बघ. त्या तोफा अडकायच्या आणि शेपटीच्या कंट्रोलचा त्रास होता, हे पण सांगायला पाहिजे, आम्ही त्याच्यावर रात्री जागवल्या आहेत.

इंजिन ऑर्फियस. तेच मारुत या आपल्याकडे बनलेल्या फायटरला दोन लावले होते. मारुत जर्मनीच्या कुर्ट टँकने बंगलोरला बसून डिझाइन केलं, १९६१ ला उडालं, अंग आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हिशोबाने आखलेलं पण त्याला साजेसं इंजिन कधी मिळालंच नाही. ते दुःख मला अजून आहे. पुढे हवाई दलाच्या कसरती दाखवणाऱ्या सूर्यकिरण टीमची लाल-पांढरी किरण विमानं होती त्यांना पण ऑर्फियसच. त्यामुळे कुठेही सूर्यकिरणचा शो असला की मी वर बघायचो नाही, डोळे मिटून ऐकायचो.

तू विचारतोस का दाटून येतं. मला माझ्यापुरतं माहीत आहे. सकाळी इंजिन चालू झालं की आवाजावरून मला कळायचं काल रात्री आपण केलेलं काम नीट झालं की नाही. मीटर नंतर बघायचो. पायलट हात दाखवून निघून जायचा आणि ते विमान परत येईपर्यंत माझे कान आकाशात असायचे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवरून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों नॅट घेऊन उडाले, एकटे पाकिस्तानी सेबर विमानांच्या घोळक्याशी लढले आणि गेले, परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकटेच. ही बातमी आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला त्या सकाळी ते विमान तयार करून देणाऱ्या फिटरचा. आजही तोच येतो.

हेराल्ड विकू नको. चेसिस बघायला मी येऊ शकतो, गुडघे चालतात अजून.

---

वायुसेनानगरची_लेक

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण मला एक लिहायचंय, कोणाचा आनंद कमी करायचा नाहीये.

माझे मामा मिग-२१ वर होते. मी सात वर्षांची असताना ते गेले, लँडिंगच्या वेळी. निरोपाचा कार्यक्रम आमच्या घरी पण लावला होता, आईने मधेच टीव्ही बंद केला आणि दहा मिनिटांनी स्वतःच परत लावला. त्यामुळे माझ्यासाठी ते विमान फक्त सुंदर असं होऊच शकत नाही. ते ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने उतरायचं, कारण पंख छोटे, आणि कितीतरी वर्षं आपली मुलं हळू ट्रेनर विमानावरून थेट त्याच्यावर जायची, मधली पायरीच नव्हती. मधल्या पायरीचं हॉक विमान आपल्याकडे आलं २००८ ला. मागणी त्याच्या खूप आधीपासून होती. लोक टीव्हीवर सहज उडती शवपेटी म्हणून मोकळे होतात ते मला सहन होत नाही, आणि नुसतं जुनं ते सोनं म्हणतात ते पण सहन होत नाही. मामांना ते विमान प्रचंड आवडायचं, त्यांच्या पत्रांमध्ये आमच्यापेक्षा त्याच्याबद्दल जास्त लिहिलेलं आहे. ही पण खरीच गोष्ट.

मुलाला फोटोतली विमानं दाखवाल तेव्हा हे पण सांगा एवढंच. गाडी ठेवावी असं मला वाटतं. दिल्लीला गेलात तर पालमचं हवाई दलाचं म्युझियम बघा, स्पिटफायर आणि नॅट दोन्ही तिथे आहेत, आम्ही मामांच्या वाढदिवसाला एकदा गेलो होतो.

---

रातराणी_सीताबर्डी

गाडीतलं मला काही कळत नाही पण सोनेगावचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. माझे आजोबा रात्रीच्या हवाई टपालाच्या ड्यूटीवर असायचे. १९४९ च्या जानेवारीत ते सुरू झालं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करून परत आपापल्या दिशेला. डाकोटा विमानं. सगळ्या देशाची पत्रं रात्री आपल्या गावात हात बदलायची. आजी सांगायची की थंडीत रात्री चौथ्या डाकोटाचा आवाज आला की तिला झोप लागायची, तोपर्यंत नाही. तीनच आली तर ती उठून बसायची. वर काकांनी कान आकाशात असल्याचं लिहिलंय ते वाचून मला आजीच आठवली.

---

धरमपेठचा_मोठा

उशिरा उत्तर देतोय, माफ करा, रोज वाचत होतो पण काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

@पाना_नंबर_तेरा तुम्ही सांगितलं तसंच केलं. प्लग काढले, तेल सोडलं, पाच दिवस थांबलो. मधे चेसिस टोचून पाहिली, पुढे ठीक आहे, मागे डाव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. भावाला फोटो पाठवले तेव्हा तो नेहमीप्रमाणे भंगार म्हणेल वाटलं होतं, त्याने फक्त विचारलं की खणातले कागद कोरडे आहेत का.

काल सकाळी मुलगा आणि मी बोनेट उघडलं. त्याला माहीत नव्हतं की हेराल्डचं बोनेट मडगार्डसकट अख्खं पुढे उलटतं, इंजिन, पुढची चाकं, सगळं उघडं पडतं, तुम्ही टायरवर बसून काम करू शकता. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग मोबाइलवर स्पिटफायर गाडीचा फोटो काढून हिच्या शेजारी धरला आणि म्हणाला बाबा बोनेट उघडायची पद्धत सेम आहे. मग मी त्याला मामांची गोष्ट सांगितली, ताई, तुमच्या शब्दांत जमली नाही पण सांगितली. त्याने हॉकबद्दल दोन-तीनदा विचारलं.

चाक त्यानेच फिरवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा पण नाही, मी म्हटलं राहू दे अजून तेल सोडू. तिसऱ्यांदा आतून काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज आला आणि पंखा साधारण अर्धा फेरा फिरला.

फिटर काका, रविवारी सकाळी आठला येता का? मी घ्यायला येतो. जॅक आहे, तर्री-पोहे आणून ठेवतो, आणि बाबांचे नॅटचे फोटो पण काढून ठेवलेत, त्यातल्या एकावर मागे पेन्सिलीने काहीतरी नंबर लिहिलाय तो तुम्हालाच कळेल.